मुखवटा निघायच्या आधी

जनूकाका पाटील शेवग्याची शेंग घेऊन लिफ्टमध्ये उभे असतील, तर शहाण्या माणसाने जिना धरावा. मला रोज ऑफिस गाठायचं असतं, त्यामुळे मी तशीच आत शिरते. परिणामी माझ्या पर्सवर, डब्याच्या पिशवीवर आणि एकदा चष्म्यावर शेंगेचे वार झालेले आहेत. आधी शेंग कपाळाला टेकवून सलामी, मग एक पाय पुढे, मग वार. सगळं डाव्या हाताने. वार करण्यापूर्वी ते "सावध" म्हणतात. "आमी बेसावध माणसावर हात नाय टाकत, सेक्रेटरीबाई." तळमजला आला की तलवार पिशवीत परत जाते आणि संध्याकाळी आमटीत.

शेंगा महाग असल्या की छत्री. एकदा दुधी होता, पण तो त्यांनाच पटला नाही. "ही काय तलवार हाय? ही गदा झाली."

जनूकाका मूळचे उरणकडचे, मोऱ्याच्या धक्क्याजवळचे. घरची मिठागरं होती. ती गेली तेव्हा काका आणि त्यांच्या पत्नी हिराकाकू पनवेलला आमच्या सोसायटीत राहायला आले. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे प्रत्येकाच्या तऱ्हा मला पाठ आहेत, पण काकांचं प्रकरण निराळं. पार्किंगवरून कुणीतरी निनावी तक्रार माझ्या दाराखालून सरकवली, तेव्हा मीटिंगमध्ये काका उभे राहिले आणि म्हणाले, "पाठीमागून वार करणाऱ्याने समोर यावं. शेंग मी देतो." कोणी आलं नाही. तक्रारीही थांबल्या, हे मात्र खरं.

मास्क लावायचे दिवस आले तेव्हा काकांनी काळं कापड शिवून घेतलं, त्याला दोन भोकं पाडली आणि ते डोळ्यांवर बांधलं. नाक आणि तोंड उघडं. मी गेटवरच अडवलं.

"काका, मास्क खाली लावतात."

"खाली लावून काय उपयोग? वळख तर डोळ्यांवरून पटते."

या सगळ्याच्या मुळाशी एक पिक्चर आहे. काका तरुण असताना मोऱ्याच्या धक्क्यावर त्याचं शूटिंग झालं होतं. काळा मुखवटा घातलेला एक तलवारबहाद्दर रात्री गलबतावर चढतो, जुलमी सरदाराच्या माणसांना लोळवतो, डोलकाठीवरून खाली मचव्यात उडी मारतो आणि पसार होतो. तो कोण, हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. काका म्हणतात, "तो मी."

मी आधी विश्वास ठेवला नव्हता. नंतर पिक्चर पाहिला. मुखवटेवाला डावखुरा आहे, आणि वार करण्यापूर्वी तलवार कपाळाला टेकवतो. मी माझ्या चष्म्यावरून हात फिरवला.

आमच्याकडे दरवर्षी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. संध्याकाळी गच्चीवर चादर बांधून सोसायटीच्या जुन्या प्रोजेक्टरवर काकांचा पिक्चर, मग जेवण. हिराकाकू सगळ्या बिल्डिंगसाठी तांदळाचे वडे तळतात, म्हणून पिक्चरला गर्दीही होते. लॅपटॉप काकांच्या मांडीवर. गलबतावरची मारामारी संपते, सरदार गुडघ्यांवर येतो, राजकन्या विचारते, वीरा, तू आहेस तरी कोण, मुखवटेवाला हात वर नेतो, आणि चादर पांढरी होते. "चला, वडे थंड होतील," म्हणत काका लॅपटॉप मिटतात. दरवर्षी. आमच्या बिल्डिंगमध्ये या पिक्चरचा शेवट कोणीही पाहिलेला नाही, आणि वडे समोर असल्यामुळे कोणी फारसा हट्टही धरला नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावर पुण्याहून चिन्मय देशपांडे राहायला आला. कॉम्प्युटरमधला माणूस, उत्साही. त्याने इंटरनेटवरून त्याच पिक्चरची स्वच्छ प्रत शोधली, ऑफिसचा नवा प्रोजेक्टर आणला आणि ग्रुपवर जाहीर केलं की यंदा संपूर्ण पिक्चर, यंदा मुखवटा निघणार. खाली टाळ्यांची रांग.

पूजेच्या आदल्या दिवशी काका माझ्याकडे आले. हातात शेंग नव्हती.

"सेक्रेटरीबाई, तो शेवट दाखवू नका."

"का?"

काका खुर्चीच्या टोकावर बसले. हिरो गलबतावर चढायलाच घाबरायचा, म्हणाले. पोहता येत नव्हतं त्याला. मग धक्क्यावरचा हा धडधाकट पोरगा निवडला, मारामारी शिकवली आणि मुखवटा चढवला. जिथे जिथे मुखवटा आहे, तिथे काका. मुखवटा निघतो तिथे मात्र हिरो, गोरा, गालांना लाली लावलेला.

"मग बिघडलं काय?"

"आमचं लगीन त्याच्यावर जमलं."

झालं होतं असं. काकांच्या चुलत्यांनी चिरनेरकडच्या एका घरी शब्द टाकला की आमचा पोरगा पिक्चरमध्ये हिरो आहे. तेव्हा जत्रेत तंबूतला सिनेमा लागला होता. मुलीकडचे म्हणाले, मग तिथेच मुलगा बघू. मुलगी, आई, मावशी, दोन मामा, सगळे तंबूत येऊन बसले. एरवी मुलगा बघतात तो खुर्चीवर बसलेला, चहाची बशी हातात धरलेला. हा गलबतावरून उड्या मारत होता. मावशीचं मत पडलं, "पोरगा उडतो बेस, पन तोंड काय दिसत नाय." तोंड दिसायची वेळ जवळ आली तसे चुलते उठून ओरडले, "चला, चला, वडे थंड होतील." सगळं वऱ्हाड तंबूतून उठवून जेवायला नेलं. चौथ्या दिवशी होकार आला.

"हिरेला अजून वाटतंय, पिक्चरचा हिरो मीच," काका म्हणाले.

"आता या वयात काय फरक पडतो, काका?"

"पडतो," ते म्हणाले, आणि जिन्याने गेले.

मी चिन्मयला गाठलं. कारण सांगायची सोय नव्हती, त्यामुळे माझं म्हणणं लंगडंच होतं. "काकू, सस्पेन्स आहे, लोक वाट बघतायत," असं म्हणून त्याने मलाच पुढची खुर्ची देऊ केली. मी ती घेतली नाही. मी मागे, जिन्याच्या दाराजवळ हिराकाकूंच्या शेजारी बसले. त्या दरवर्षी तिथेच बसतात. गुडघे दुखतात, उतरायला सोपं पडतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पिक्चर सुरू झाला. प्रत खरंच स्वच्छ होती. काकांचे दंड एवढे होते, हे मला पहिल्यांदा कळलं. काका मात्र पडद्याकडे बघत नव्हते, रिकाम्या मांडीकडे बघत होते. गलबतावरची मारामारी संपली. सरदार गुडघ्यांवर आला. काका खुर्चीतून अर्धवट उठले. राजकन्येने विचारलं, वीरा, तू आहेस तरी कोण.

मुखवटेवाल्याचा हात वर गेला, आणि माझ्या शेजारी हिराकाकूंचाही. त्यांच्या खुर्चीमागे, दाराच्या चौकटीला गच्चीचं मेन स्विच आहे. खट् झालं. चादर गेली, दिवे गेले, पंखे गेले.

काळोखात लोक चुकचुकले. चिन्मय केबल चाचपत होता. मी अगदी हळू विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे?"

"दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीसंगट चोरून जाऊन बघितला मी शेवट," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "तलवार डाव्या हातात, आदल्या राती जेवताना यांचाबी डावाच हात, आन् मुखवटा काढला तर दुसराच बाप्या. बाईवानी लाली लावलेला."

"तरी होकार दिलात?"

"त्याला घेऊन काय करू? उडी यांनी मारलेली." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हां. सगळा जल्म ह्येच एक लपवलंय त्यांनी माज्यापासून. ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं."

चिन्मय मोबाईलचा उजेड पाडत आमच्याकडे आला. मी सेक्रेटरीच्या आवाजात सांगितलं की वायरिंग जुनं आहे, आता उद्या इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कोणीही स्विचला हात लावायचा नाही, आणि जेवण खाली पॅसेजमध्ये होईल.

तेवढ्यात खुर्च्यांना ठेचकाळत काका आमच्यापर्यंत पोचले. डावा हात पुढे करून अंदाज घेत होते.

"हिरे, घाबरलीस काय?"

"नाय," काकूंनी तो हात धरला. "तुमी हाय ना. चला, वडे थंड होतील."