सोनाजीमामांचा पन्हा

सोनाजीमामांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते हिरवा शालू नेसून कापडाच्या दुकानात उकिडवे बसले होते.

खाली धोतर होते, वर बाराबंदी, डोक्याला तांबडे पागोटे आणि तोंडावर भरघोस मिशा. त्या सगळ्यावरून शालू. दुकानदार गादीवर बसून मख्खपणे पान लावत होता. ज्यांच्या मुलीचे लग्न होते ती मंडळी भिंतीला टेकून निकालाची वाट पाहत होती. मामा उठले, वाकले, नसलेली घागर उचलून कमरेवर घेतली, दुकानभर हिंडले आणि पुन्हा बसून हवेतला कापूस वेचू लागले. मग शालू सोडून त्यांनी गादीवर टाकला.

"वाकता येत नाई याच्यात. दुसरं दाखव."

"बाप्पा, शालू हाय तो," दुकानदार म्हणाला. "शालू नेसून कोन कापूस वेचते?"

"बाईले लुगडं द्याचं हाय का लुगड्याले बाई द्याची हाय?"

हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते ऐकले की दुकानदार दुसरे कापड काढी, कारण वाद घातला तर मामा तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणत, आणि रस्त्यावरची माणसे आत डोकावू लागत.

मी तेव्हा देशावरून अमरावतीच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. माझ्या बिऱ्हाडाच्या भिंतीला लागून मामांचे घर. गावाबाहेर त्यांची काळी जमीन होती. बायको फार पूर्वीच वारलेली, मूलबाळ नव्हते. सबंध आळी त्यांना मामा म्हणे. लग्न ठरले की ब्राह्मणाकडून मुहूर्त काढायचा आणि मामांना घेऊन बस्ता काढायचा, म्हणजे लग्नाचे सगळे कापड एकदम खरेदी करायचे, असा आळीचा रिवाज होता. मुहूर्त एक वेळ चुकला तरी चाले.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडून इकडचा भाव चढला, आणि आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एकाने गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. ती पहिल्याच पावसाळ्यात चिखलात गेली, तेव्हा तो शोधायला सुद्धा वाकला नाही. निदान लोक पाहत असताना तरी नाही. जिने आजवर जाडेभरडे सुती पाटव सोडून काही नेसले नव्हते, तिच्या मुलीला आता पैठणीच हवी असे. अशा दिवसांत घागर उचलून दाखवणारा मनुष्य म्हणजे वरातीत शिंकणारा मनुष्य. तरी लोक त्यांना नेत. मामांनी पसंत केलेले लुगडे वर्षानुवर्षे टिके, हे बायकांना ठाऊक होते.

खोड एकच होती. लुगडे घोट्यापर्यंत पोचते की नाही हे कापडाच्या रुंदीवर, म्हणजे पन्ह्यावर, ठरते. मामा पन्हा स्वतःच्या अंगावर मोजत, आणि मामा चांगले उंच होते. नवरी केवढी आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. आमच्या आळीतल्या कितीतरी ठेंगण्या सुना मामांचे लुगडे कमरेशी दुमडून दुमडून नेसत आणि पोटाशी उशी बांधल्यासारख्या दिसत.

"मामा, पोरगी इतकुशी हाय अन् पन्हा केवढा!" कोणाची तरी आई कळवळून म्हणे.

"उरलं त दुमडता येते. कमी पडलं त काय करशीन?"

"पन माप घ्या ना तिचं!"

"घेतलं माप," असे म्हणून मामा आपल्या घोट्याकडे बोट दाखवत.

मी याचे नाव विक्षिप्तपणा असे ठेवून मोकळा झालो होतो.

त्यांचा दुसरा वेडेपणा अधिक खर्चाचा होता. मुंबईचे दलाल बोंडे फुटायच्या आत शेतात येऊन उभे राहत. त्या भावात मामांनी आपल्या उत्तम तुकड्यातला कापूस विकलाच नाही. घरी आणला, निवडला, आणि आळीतल्या म्हाताऱ्यांकडून त्याचे सूत कातून घेतले. बिचाऱ्या म्हाताऱ्यांचे चरखे कापूस मिळेना म्हणून माळ्यावर गेले होते. त्यांना वाटले मामांना देव पावला. बाकीच्यांना वाटले भूत लागले.

"सोन्याचं सूत कातून राह्यला का, मामा?" लोक ओट्यावरून विचारत.

"गोदाचं लगन हाय," मामा म्हणत.

गोदा ही त्यांची भाची. अकोटला दिलेल्या धाकट्या बहिणीची, शेवंताबाईची एकुलती एक मुलगी. मामाने दिलेले पिवळे लुगडे नेसून नवरी बोहल्यावर चढते. साऱ्या आळीचे मामा असलेल्या या माणसाला खरोखरचे मामा होण्याची ही एकच संधी होती. कोष्ट्याने माग लावला तेव्हा मामा रोज तिथे जाऊन बसत. कोष्टी एकदा मला म्हणाला, "मास्तर, यायले शाळेत न्या ना बसवाले."

लुगडे तयार झाले, हळदीत रंगले, आणि अकोटहून मेहुण्याचा माणूस निरोप घेऊन आला. मेहुणे भिवाजी कापसाच्या दलालीत वर आले होते. निरोप मोठा अदबीचा होता: पिवळे येवल्याहून मागवले आहे, रेशमी, जरीचे. सोनाजीभाऊंनी तसदी घेऊ नये. रिकाम्या हाताने यावे, भाचीमागे उभे राहावे, पोटभर जेवावे.

मामांनी माणसाला ताक पाजले. तो गेल्यावर लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"रिकाम्या हातानं मामा काहून येईन, मास्तर?" ते म्हणाले. "जेवाले त कोनीबी येते."

शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. मी त्यांच्या गाडीत बसून अकोटला निघालो, कुतूहल म्हणा. वाटेत पूर्णेला घोटाभर पाणी होते. तेवढ्यासाठी मामा खाली उतरले आणि लुगड्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन नदी ओलांडून गेले. बैलांनी सुद्धा त्यांच्याकडे पाहिले.

भिवाजींचा मांडव दुरून दिसत होता. भर दुपारी झुंबरे लावली होती. बाजांवर शालू, शेले, पैठण्या मांडून ठेवल्या होत्या, आणि कोणते वस्त्र कुठून आणले हे सांगायला प्रत्येक बाजेपाशी एकेक मनुष्य उभा होता. मधल्या बाजेवर येवल्याचे पिवळे होते. त्याची जर इतकी जाड होती की ते घडी न मोडता उभे राहिले असते.

मामांनी त्याच्यावरून नुसता हात फिरवला. मी घाबरलो, मला वाटले आता नेसतात. पण गाठोडे काखेत धरून ते खांबापाशी उभे राहिले.

"या सोनाजीभाऊ," भिवाजी आले. त्यांची नजर गाठोड्याकडे गेली. "सांगितलं होतं ना तुमाले, तसदी घेऊ नका म्हनून? चार मोठे लोक येऊन राह्यले. सुती नेसवू का पोरीले?"

"नका नेसवू," मामा हळूच म्हणाले. "ठेवून द्या कुठंबी. मी देऊन जातो फक्त."

तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आली. सरळ येऊन तिने मामांच्या काखेतले गाठोडे ओढून घेतले. ही शेवंताबाई हे मला कोणी सांगावे लागले नाही. दोघे समोरासमोर उभी होती आणि डोळ्यांना डोळे नेमके भिडत होते. अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. एवढी उंच बाई मी वऱ्हाडात दुसरी पाहिली नाही.

तिने लुगडे उलगडले आणि नेसल्या लुगड्यावरूनच ते भराभर नेसू लागली.

"अवो बाई, नवरीच्या आंधी नवरीची माय!" एक म्हातारी ओरडली.

शेवंताबाई वाकली. नसलेली घागर उचलली, कमरेवर घेतली, मांडवातून चालून आली. मग बाजांच्या मधोमध उकिडवी बसली आणि हवेतला कापूस वेचू लागली. पिवळे काठ तिच्या घोट्यावरून हलले नाहीत.

ती उठून नवऱ्याकडे वळली. "माह्या लग्नातलं लुगडं दादानं आणलं होतं. बाप नव्हता, यालेच बस्त्याले जा लागलं, अन् याले तरी काय समजत होतं तवा? पन्हा आखूड पडला. बोहल्यावर वाकले त पोटऱ्या उघड्या. तुमच्या घरच्या बाया वर्षभर हसल्या. मी याले कधी बोलले नाई." तिने काठ सारखा केला. "पन कोनी तरी सांगितलं असन."

भिवाजी झुंबराकडे पाहू लागले. मामा जमिनीकडे.

"दादा, पाय ना इकडं," ती म्हणाली. "पुरलं."

"काठ घोट्यावर आला का?" मामांनी मान वर न करताच विचारले.

"आला."

गोदा ते पिवळे नेसून बोहल्यावर चढली. ती आईच्या खांद्याला जेमतेम लागत होती, त्यामुळे कमरेशी भली मोठी दुमड झाली होती. येवल्याचे रेशमी बाजेवर उभेच राहिले. मामा भाचीमागे उभे होते आणि अक्षता सगळ्यांच्या आधी टाकत होते.

पुढल्या लग्नसराईत आळीतल्या एका मुलीचा बस्ता निघाला. मीही गेलो. मामांनी लुगडे हातात घेतले, बाराबंदीवरून नेसले, वाकून पाहिले, घागर उचलली. मग कापूस वेचायला बसता बसता थांबले आणि नवरीच्या आईकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "पोरगी केवढी हाय तुही?"

दुकानदाराच्या हातातले पान खाली पडले.