अड्याळचा समुद्र

सकाळी भेटलं की माणसं "चहा झाला का?" विचारतात. आमचे विज्ञानाचे हटवार सर म्हणतात, "मॅडम, आज लाटा दीड मीटर!" जणू मला शाळेतून घरी स्कूटीवर नाही, होडीतून जायचंय.

अड्याळहून समुद्र गाठायला एक दिवस आणि एक रात्र लागते. सरांनी तो पाहिलेला नाही. मीही नाही. तरी आमच्या शाळेत सातवीच्या फळ्यावर रोज कोकणातल्या एका किनाऱ्याचे तीन आकडे असतात: पाण्याचं तापमान, खारटपणा आणि लाटांची उंची. मुलं त्यांचे आलेख काढतात. पुस्तकातला समुद्र सरांना चालत नाही. "तो छापलेला हाय, मॅडम. शिळा. मले आजचा पायजे."

मुलांना खारटपणा कळेना, तेव्हा सरांनी शाळेच्या स्वयंपाकघरातून मीठ उचललं, लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम ढवळलं आणि चमचा चमचा सगळ्यांना चाखवलं. "घ्या, हा समुद्र." मी मराठी शिकवते, पण चमचा मलाही चुकला नाही. त्या दिवशी खिचडी अळणी झाली आणि स्वयंपाकीणबाई आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत.

मग आली भरती-ओहोटी. चंद्र पाणी ओढतो हे ऐकून मुलांनी गावच्या तलावात खुणा केलेला बांबू रोवला. कोजागिरीला पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार बोटं उतरलं! सर धोतराचा सोगा सांभाळत तलावाच्या पाळीवर धावले. मी कुतूहलानं मागोमाग. तिथे शेतांना पाणी वाटून देणारा पाणकर शांतपणे तंबाखू मळत बसला होता.

"गुरुजी, चंद्र नाही जी. पाणी सोडाचं दार मीनंच खोललो. धानाले शेवटचं पाणी देऊन राहिलो."

दुसऱ्या दिवशी सरांनी वहीत लिहायला लावलं: ओहोटीचे कारण, पाणकर. "कारण शोधलं ना पोट्ट्यांनो? मंग विज्ञान झालं."

हे आकडे येतात कुठून, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. सरांची एकुलती एक मुलगी प्रणाली त्या किनाऱ्यावर समुद्राच्या नोंदी घेते. आई लहानपणीच गेलेली, सरांनीच तिला वाढवलं. नोकरीला निघाली तेव्हा सर रागात बोलून गेले, "समुद्रापायी बापाले सोडून चालली, त मंग मले फोनबी करू नको." मुलगी बापासारखीच शब्दाची पक्की. चार वर्षांत तिनं फोन केला नाही. रोज सकाळी मोबाइलवर तीन आकडे पाठवते, इतकंच. ती ठीक आहे, हे सरांना त्यावरूनच कळतं.

दिवाळीआधी समुद्रात वादळ आलं आणि आकडे थांबले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. फळा कोरा. मी मूर्खासारखी म्हणाले, "सर, कालपरवाचेच टाका ना." ते माझ्यावर ओरडले, "आकडे बनवाचे नसतात!" एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच म्हटलं, "फोन काहून नाही लावत?"

"कोणत्या तोंडानं लावू? मीनंच त नको म्हटलो होतो."

मला त्यांचा राग आला आणि रडूही. त्यांचा मोबाइल घेतला, प्रणालीचं नाव काढलं, बटण दाबलं आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "बाबा?"

सर उभे राहिले. अधिकाऱ्यासमोर राहावं तसे. "हं. ते... आकडे नाही आले."

"यंत्रच वाहून गेलं बाबा वादळात. नवीन लावायला महिना लागंल."

"महिना?" सर खुर्चीत बसले. मग त्यांनी चष्मा काढला. "तू बरी आहेस ना, माय?"

"हो."

"मंग आकडे राहू दे. तू फोन करत जाय. रोज."

घंटा झाली. तास सरांचा होता. मी खडू उचलला आणि सातवीवर गेले. मुलांनी विचारलं, "मॅडम, सर कुठी हायेत?"

"बोलून राहिले," मी म्हटलं. "आज उशीर होईल त्यांना."