आवाज ठेवून घेणारे चौगुले मास्तर

आमच्या घरात कापूस सगळीकडे होता. भाकरीवर, पाण्याच्या घागरीत, आईच्या भुवयांवर आणि माझ्या घशात. अब्बा पिंजारी. कापूस पिंजायचं धनुकलं, पिंजण, खांद्यावर टाकून कोल्हापूरच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचे; काम मिळालं नाही की घरीच जुना कापूस पिंजत बसायचे. दोन्ही वेळा चूल पेटली तर तो दिवस चांगला. आम्हा नदाफांच्यात, म्हणजे पिंजाऱ्यांच्यात, शाळेची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. मी चढलो, तो घशातला कापूस घेऊनच. कोणताही शब्द बोलायच्या आधी मला दोनदा खाकरावं लागायचं.

हे खाकरणं चौगुले मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात उचललं.

चौगुले मास्तर आम्हाला सातवीत गणिताला होते. गडमुडशिंगीचे, शेतकऱ्याच्या घरचे. सायकलवर यायचे. अंगानं किरकोळ, टोपी कपाळावर ओढलेली. त्यांना वर्गातल्या प्रत्येक पोराचा आवाज काढता यायचा. याला नक्कल म्हणू नका. नक्कल ऐकून हसू येतं. मास्तरांचं ऐकून मानेवरचे केस उभे राहायचे. ते फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचे, आणि तोतरा पांडबा त्या दिवशी शाळेत आलेलाच नसला तरी वर्गात पांडबा बोलायचा, "स-स-सर, हातचा एक कुटं गेला?" आम्ही सगळे वळून मागच्या बाकावरची रिकामी जागा बघायचो.

मास्तर न वळता म्हणायचे, "बघा. पांडबा आज असता तर हितं अडकला असता."

त्यांचं शिकवण्याचं तत्त्वज्ञान एवढंच होतं. "पोराची चूक आदी मला करता आली पायजे," ते म्हणायचे, "मग ती काडता येती. आनि माझ्या आवाजात सांगितलेलं पोरगं दारातच ठिवतंय. त्येच्या आवाजात सांगितलं की घरात घेतंय."

त्यामुळं गणित चुकलं तर छडी नाही. ते शेजारी येऊन बसायचे, दोनदा खाकरायचे आणि माझ्या आवाजात अख्खं गणित सोडवायचे. बरोबर. आपल्याला न येणारं गणित आपलाच आवाज सोडवतोय, हे ऐकणं काय असतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. आधी मला भीती वाटायची. मग त्या आवाजाचा हेवा वाटायला लागला. मग एके दिवशी त्याच्या आधी मीच उत्तर दिलं.

एकदा तपासणीला साहेब आले. पोरांची दातखीळ बसली. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा मास्तर पाठमोरे, फळा पुसत होते. वर्गातून एक उत्तर आलं. दुसरं आलं. तिसरं चुकलेलं आलं. साहेब खूश झाले. "मुलं हुशार आहेत. पण बोलताना तोंड का हलवत नाहीत?"

"लाजत्यात, साहेब," मास्तर म्हणाले.

त्या थंडीत अब्बांचा खोकला वाढला. थंडी म्हणजे आमचा गाद्या-रजयांचा हंगाम. एका सकाळी अब्बा म्हणाले, "आता शाळा बास," आणि पिंजण माझ्या हातात दिलं. मी ते खांद्यावर टाकलं. अब्बांना उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पांडबा सांगायचा, मी नसलो तरी वर्गात माझा आवाज रोज उत्तरं देतोय.

पुढं एका संध्याकाळी मी शिंप्याकडून गाद्यांच्या खोळी घेऊन परत येत होतो. बोळात पिंजणाची तार ऐकू येत होती. मी दारापाशी पोचायच्या आत घरात कोणीतरी दोनदा खाकरलं.

"अब्बा, मला शाळंला जायाचंय."

आवाज माझा होता. मी बोळात उभा होतो, माझं तोंड मिटलेलं होतं, आणि घरात मी बोलत होतो. खोळी हातातून धुळीत पडल्या. क्षणभर खरंच वाटलं, मी कधीच घरी पोचलोय आणि बोळात उभा आहे तो दुसराच कोणी.

पिंजण थांबलं नाही. कापसाच्या धुरळ्यात मान वर न करताच अब्बा म्हणाले, "मला कळत न्हाय व्हय रं? पर ह्यो खोकला ऐकतुयास न्हवं? मी पडलो तर तुमचं दोघांचं काय? मला भ्या वाटतंय, बेटा."

अब्बांना भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग पिंजण थांबलं. मी दारात गेलो. आत चौगुले मास्तर उभे होते, टोपी हातात, केसांवर कापूस. अब्बा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. आईनं घाईघाईनं लोबान पेटवला आणि मास्तरांच्या पायाशीच आणून ठेवला.

"पोराला इचारायचं धाडस हुईना," मास्तर आपल्या आवाजात म्हणाले. "आनि मी इचारलं असतं तर तुमी खरं सांगितलं नसतं की, उस्मानभाई. मास्तर, चा घ्या, म्हनला असता."

अब्बांनी पिंजण भिंतीला टेकवलं. "सकाळनं पोरगं मला ऱ्हाऊ दे. दुपारनं तुमी न्या," शेवटी ते म्हणाले. "पर मास्तर, त्येचा आवाज त्येच्यापाशी असू दे."

"तेवढं जमंल असं वाटत न्हाय," मास्तर म्हणाले, आणि लोबानाच्या धुरानं शिंकले.

तसंच चाललं. सकाळी पिंजण, दुपारी शाळा. सकाळी बुडालेलं शाळा सुटल्यावर मला माझ्याच आवाजात ऐकायला मिळायचं. मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो. आवाज फुटला. कापसापासून लांब झालो तसं खाकरणंही गेलं.

शेवटचा निकाल लागला त्या दुपारी पेढे घेऊन मी गडमुडशिंगीला गेलो. मास्तर निवृत्त झाले होते. लग्न केलेलं नव्हतं, भाऊबंद वेगळे, हे एकटेच मळ्याकडच्या खोलीत. लांबूनच वर्ग भरल्यासारखा गलका ऐकू आला. शिकवणी घेत असतील असं वाटलं. पण दाराबाहेर एकाच माणसाच्या चपला होत्या.

"स-स-सर," आतून पांडबा म्हणाला. पांडबा तेव्हा बिद्रीला साखर कारखान्यावर नोकरीला होता, त्याला झुपकेदार मिशा होत्या. आत तो अजून सातवीत होता.

"ऱ्हाऊ दे. नदाफ, तू सांग," मास्तर म्हणाले.

आत कोणीतरी दोनदा खाकरलं. भुताखेतांना न मानणारा, कॉलेज शिकलेला मी भर दुपारी चौकट धरून उभा राहिलो. त्या पोरानं उत्तर द्यायच्या आधी मी म्हणालो, "सर, मी पास झालो."

गलका थांबला. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले होते. ते वळले नाहीत. फक्त कान इकडं केला.

"कोन हाय? ह्यो आवाज माझ्याकडं न्हाय."

"रशीद नदाफ, सर."

"खाकरला न्हाईस."

"कापूस सुटला, सर."

ते चटईवर सरकले आणि शेजारी जागा केली. "बस. वाईच बोल. काय बी बोल, आवाज बसवून घेतो." त्यांचा स्वतःचा आवाज अगदी बारीक झाला होता. तो फार दिवसांत कोणाशी वापरलेला नसावा.

मी ऊन उतरेपर्यंत बोलत राहिलो. अब्बांचा खोकला, खुंटीला टांगलेलं पिंजण, कॉलेजातले मास्तर, सगळं सांगितलं. सांगण्यासारखं संपल्यावर मास्तर भिंतीकडं वळले आणि माझ्या नव्या आवाजात म्हणाले,

"सर, मी बी.ए. झालो. नदाफांच्या घरात पहिला."

"व्हय, सर," मी म्हणालो. "झालो."