पडेगावच्या टेकडीवरचं स्कीइंग

उतारावरून खाली यायला अक्कल लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. दगड येतो, पाणी येतं, ब्रेक फेल झालेली उसाची ट्रॉली येते. मग वाळूजच्या कंपनीत उभी हयात सुपरवायझरकी केलेला हा रामकिसन बोडखे का नाही येणार? याच तोऱ्यात मी ऋतुराजशी बोललो आणि तिथूनच सगळं घसरायला लागलं.

ऋतुराज म्हणजे आमच्या मोनिकानं स्वतः शोधलेला मुलगा. बिडकीनच्या नव्या कारखान्यात इंजिनिअर, बोलायला गरीब, आणि सुट्टी मिळाली की हिमाचलात पळणारा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहाचा कप हातात धरून तो म्हणाला की, लग्नाआधी दोन्ही घरची माणसं मिळून स्की टूरिंगला जाऊ या. टूर म्हटल्यावर मी खिडकीजवळची सीट मागून घेतली. जेवण शुद्ध शाकाहारी असेल ना, तेही विचारलं.

मोनिकानं कपाळाला हात लावला. मग ऋतुराजनं समजावून सांगितलं. यात बस नसते. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या डोंगरावर स्वतः चालत चढायचं आणि मग घसरत खाली यायचं. चढताना पट्ट्यांच्या खाली लवदार कापड चिकटवतात. लव एकाच बाजूला झुकलेली असते, त्यामुळं पट्टी पुढं सरकते, पण मागं घसरत नाही. उतरताना ते कापड काढून ठेवायचं.

"घाबरू नका काका," तो म्हणाला, "नवशिक्यांसाठी सोपे रस्ते असतात."

नवशिका! माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्या पोरीसमोर! मी पायावर पाय टाकला आणि म्हणालो, "मी काश्मीरला स्कीइंग केलेलं आहे."

चहा ओतणाऱ्या बायकोचा हात हवेतच थांबला. काश्मीरला ती सोबत होती. तिथं मी भाड्याचा केसाळ कोट घालून लाकडी घसरगाडीवर बसलो होतो, दोन माणसं मला ओढत होती आणि "थांबवा, थांबवा" म्हणून मी सगळी दरी जागी केली होती. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, एवढी माणुसकी तिच्यात आहे. ती नुसती खोकली.

ऋतुराजचा चेहरा मात्र खुलला. त्यानं ही बातमी त्याच रात्री कन्नडला आपल्या आईवडिलांना कळवली. पुढच्या आठवड्यात मोनिकानं सांगितलं की, ते दोघं रविवारी बोलणी करायला येतायत आणि ऋतुराजच्या वडिलांना, बन्सीरावांना, माझ्याशी स्कीइंगवर सविस्तर बोलायचंय.

सविस्तर! माझ्याकडं तर दोन वाक्यांच्या पुढं माल नव्हता. निदान एकदा तरी घसरून बघणं भाग होतं.

मी फारूखभाईला गाठलं. बजाजनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं ग्रीलचं दुकान आहे. लोखंडाची कुठलीही वस्तू सांगा, फारूखभाई नाही म्हणत नाही. वस्तू कशाला लागते तेही विचारत नाही. त्यानं पलंगाच्या दोन फळ्या तासल्या, टोकं वर वाकवली, त्यांवर गमबूट बोल्टनं पक्के बसवले. पाय निघू नये म्हणून घोट्याभोवती पाण्याच्या पाइपाला लावतात त्या क्लिपा आवळायची सोय केली. लवदार कापड म्हणून सोफ्याची मेंदी रंगाची मखमल आणली. ती त्याच्या बायकोनं, हसीनाभाभींनी, दिवाणाच्या गाद्यांसाठी जपून ठेवली होती, हे मला फार नंतर कळलं.

काम संपलं शनिवारी संध्याकाळी. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. म्हणून रविवारी भल्या सकाळी आम्ही फारूखभाईच्या लोडिंग रिक्षात फळ्या टाकून पडेगावच्या पुढं एका टेकडीपाशी गेलो. बायकोला मी भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं. कानटोपी, मफलर, काळा गॉगल आणि हातात बांबूच्या दोन काठ्या. आरशात बघितलं असतं तर मी स्वतःलाच नमस्कार केला असता.

फळ्या खांद्यावर घेऊन आम्ही अर्धी टेकडी चढलो. तिथं फारूखभाईनं माझे पाय बुटात कोंबले आणि क्लिपा आवळल्या. मी वर तोंड करून पहिलं पाऊल टाकलं, आणि मागं गेलो. दुसरं टाकलं, अजून मागं गेलो. वळून खाली तोंड केलं, तर फळी जागची हलेना. लव पायाखाली ब्रशसारखी रुतून बसली होती.

"मखमल तो एकदम ओरिजनल है, बोडखेसाब," फारूखभाई म्हणाला. "आपही कुछ गलत कर रहे."

चूक कुठं होती ते तुमच्या लक्षात आलं असेल. मखमल उलटी चिकटवली होती. आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही. मी पुन्हा वर तोंड केलं, दात खाल्ले आणि काठ्यांनी जोर लावला. त्या जोराचा टेकडीला राग आला असावा. मी मागच्या मागं सुटलो. वाळलेल्या कुसळी गवतावर मखमल अशी पळाली, जशी लग्नाच्या पंगतीत ताटावरून जिलबी. मला समोर फक्त फारूखभाई दिसत होता, आणि तो भराभर लहान होत होता. मागं काय येतंय ते आवाजावरून ओळखायचं. आधी शेळ्यांचा कळप आला, मग एका म्हातारबाबांची शिवी आली, आणि मग रस्त्याकडेची चारी. तिथं मी बसलो.

अंग शाबूत होतं. पण घोट्याच्या क्लिपा दगडांवर आपटून चेपल्या होत्या आणि त्यांच्या स्क्रूंच्या खाचा गेल्या होत्या. पाय बुटात अडकले, बूट फळ्यांत. फारूखभाईनं पेचकस चालवून बघितला, दगडानं ठोकून बघितलं. शेवटी म्हणाला की, कटर आणायला पाहिजे. मला रिक्षात टाकून न्यावं तर फळ्या दोन्हीकडून बाहेर, आणि रविवारचा भर रहदारीचा रस्ता. "मैं यूं गया और यूं आया," असं म्हणून तो गेला, आणि मी हमरस्त्याच्या कडेला, दोन्ही पायांत पलंग घालून उभा राहिलो.

जाणारी येणारी माणसं बघत होती. एका मोटारसायकलवाल्यानं प्रचार कुठल्या पक्षाचा, ते विचारलं. मी मफलर नाकावर ओढला. तेवढ्यात दौलताबादकडून एक पांढरी गाडी आली आणि बरोब्बर माझ्यासमोर थांबली.

आत गांधी टोपीवाले एक गृहस्थ, शेजारी काठपदराच्या साडीतली बाई आणि मागं फळांच्या टोपल्या. मोनिकानं फोटो दाखवलेला होता. बन्सीराव! दुपारचं आमंत्रण दिलेली माणसं सकाळच्या पहिल्या उन्हात निघाली होती.

"ओ भाऊ, बजाजनगरला कसं जायचं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःहूनच सांगितलं की, फोनमधल्या बाईच्या सांगण्यावरून मागं एकदा ते लोकांच्या तुरीत शिरले होते, तेव्हापासून माणसांनाच विचारतात.

मी हिशोब केला. खरा रस्ता सांगितला तर ही मंडळी अर्ध्या तासात माझ्या दारात, आणि मी इथं. माझ्या तोंडून आपोआप फारूखभाई बोलायला लागला.

"नक्को साब, वो रोड बंद है. शहर में से पैठण रोड पकडो, बिडकीन से घूम के जाओ."

बन्सीरावांनी मान हलवली. मग जरा खाली वाकून त्यांनी विचारलं की, तिथल्या रामकिसन बोडखेंना ओळखता का, माणूस कसा आहे.

इथं शहाण्या माणसानं नाही म्हणून मोकळं व्हायचं. पण स्वतःबद्दल इतकं थेट कुणी कधी विचारलंच नव्हतं! मी सुटलो. बोडखेसाब म्हणजे शेर आदमी, जबान के पक्के, सगळं वाळूज त्यांना सलाम करतं, आणि मुलगी तर हिराच. बोलता बोलता माझे मलाच डोळे भरून आले. बन्सीरावांवर चांगलाच परिणाम झाला.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मंडळींचं लक्ष मात्र माझ्या पायांकडं होतं. काय झालं, म्हणून त्यांनी हळहळून विचारलं. मी सांगितलं की, तळवे सपाट पडलेत, डॉक्टरांनी फळ्या बांधल्यात. माउलीचा जीव गलबलला. त्यांनी टोपलीतला पेढ्यांचा पुडा फोडला आणि दोन पेढे माझ्या तळहातावर ठेवले. शुभ कामाला निघालोय, तोंड गोड करा, म्हणाल्या. मी ते तिथंच खाल्ले. कन्नडचे पेढे चांगले असतात.

फारूखभाई आला, बूट कापले, मी कसाबसा घरी पोहोचलो. भाजी कुठंय, असं बायकोनं विचारलं. मी थेट न्हाणीत शिरलो.

पाहुणे आले ते दुपार टळल्यावर. बिडकीनच्या पुढं दोनदा भरकटले होते. शेवटी आमच्याकडं येऊन बसलेला ऋतुराजच मोटारसायकल घेऊन त्यांना शोधायला गेला. बन्सीराव घामाघूम झाले होते, आणि पहिला अर्धा तास पडेगावच्या त्या नालायक माणसाबद्दलच बोलत होते. मीही चढ्या आवाजात साथ दिली. अशा लोकांना धरून आत टाकलं पाहिजे, असंही म्हणालो. त्यांच्या मंडळी तेवढ्या त्याची बाजू घेत होत्या. बिचारा पायांनी अधू होता, त्याला कुठं रस्ते माहीत असणार, असं त्यांचं म्हणणं. ऋतुराजनं विचारलं, फळ्या कशा होत्या. पुढून वाकवलेल्या आणि खाली मेंदीच्या रंगाची मखमल, त्या म्हणाल्या. ऋतुराजनं हळूच माझ्या घोट्यांकडं बघितलं.

बोलणी सुरळीत झाली. सगळ्यांना पेढे वाटत त्या माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "घ्या ना भाऊ, अजून एक."

मी तृप्त होतो, बेसावध होतो. तोंडून सकाळचाच फारूखभाई निघून गेला, "हौ, देव ना."

पुडा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी दोन घेतले होते तुम्ही. आता पाय बरे आहेत का?"

बायकोला काही कळत नव्हतं. मोनिकाला मात्र सगळं कळलं असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या फुशारकीपायी पोरीचं जमलेलं मोडतं की काय!

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. टेकडी, मखमल, शेळ्या, बिडकीन, सगळं. "मला स्कीइंगमधलं ओ की ठो येत नाय," मी म्हणालो. "पोरीसमोर कुणी नवशिका म्हटलेलं सहन झालं नाय, म्हणून बोललो. माझी शिक्षा तिला देऊ नका."

बन्सीराव उठले. माझा दंड धरून मला बाहेर गॅलरीत घेऊन गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आता नकार ऐकायचा म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे तुम्हाला खरंच येत नाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाय."

"सुटलो बुवा." त्यांनी शर्ट वर केला. कमरेला दुखण्याचा रुंद डॉक्टरी पट्टा आवळलेला होता. मग म्हणाले की, सासरा पट्टीचा स्कीवाला आहे असं पोरानं सांगितल्यावर त्यांनीही तरुणपणी मनालीत स्कीइंग केल्याचं ठोकून दिलं होतं. गेला आठवडाभर ते घरामागं मक्याच्या कणसांच्या ढिगावरून पत्रा घेऊन घसरत होते.

मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. ते कळवळले. मग आम्ही आत आलो. मला वाटलं, आता तेही खरं सांगतील. बन्सीराव टोपी सारखी करत सोफ्यावर बसले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "असू द्या, नवशिके आहेत. मी शिकवतो त्यांना."

मोनिका माझ्याकडं आशेनं बघत होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "उपकार होतील."

फेब्रुवारीत आम्ही गेलो. हिमाचलातल्या त्या गावात नवशिक्यांसाठी खरोखरच सोपा रस्ता होता, देवदाराच्या झाडांतून हळूहळू चढत मेंढपाळांच्या एका झोपडीपर्यंत जाणारा. तिथला शिकवणारा एकेकाच्या पट्ट्या तपासून देत होता. गुरुजी म्हणून सगळ्यांत पुढं बन्सीराव. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला ते मागं कलंडले आणि आधाराला त्यांनी माझी काठी धरली. आम्ही दोघं एकमेकांच्या पट्ट्यांत असे गुंतलो की, सोडवायला शिकवणाऱ्याला खाली बसावं लागलं.

त्यानंतर आम्ही दोघं पायथ्याच्या टपरीवर चहा पीत बसलो. वर झाडांमधून मोनिका आणि ऋतुराज चढताना दिसत होते, आणि त्यांच्या मागं पंजाबी ड्रेसवर स्वेटर घालून, गप्पा मारत, आमच्या दोघांच्या बायका. झोपडीपर्यंत गेल्या आणि घसरत, पडत, हसत खालीही आल्या. माझी बायको उतरताना ओरडली नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो.

परत आल्यापासून बजाजनगरात सगळे विचारतात, कसं झालं स्कीइंग? मी सांगतो की, आमचे व्याही मध्येच दमले, त्यांना एकट्याला सोडून जाणं बरं दिसेना, म्हणून मलाही थांबावं लागलं. कन्नडमध्ये ते काय सांगतायत, ते मी अजून विचारलेलं नाही.