शंभूची बाणवाली चटई

तुये गावच्या शंभूने आयुष्यात नाचायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवलेल्या गोष्टींपैकी ही एकच त्याने बावन्नाव्या वर्षापर्यंत पाळली होती. (चहात साखर कमी घालायचंही ठरवलं होतं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.) शिगम्याचं रोमट, म्हणजे ढोलताशांची नाचती मिरवणूक, वाड्यावर आलं की माणसं ढोलापुढे जात. शंभू ढोलामागे जाई आणि नाचणाऱ्यांच्या चपला राखी.

पण लेकीच्या साखरपुड्याला पंचाईत झाली. अंकिताचं जमलं होतं डिचोलीच्या विशालशी. विशालचा बाप गोपाळराव मूळचा गडहिंग्लजचा. तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला आला आणि डिचोलीचाच होऊन गेला. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि ताशावर काडी कुठेही पडो, याचे पाय इथे हलायला लागायचे. त्याने मांडवातल्या सगळ्यांना ओढून नाचवलं. शंभूला ओढायला आला, तर शंभू जागेवर नाही! तो मागे आचाऱ्यापाशी उसळीत मीठ बरोबर पडलंय का ते बघत होता. अंकिता सासऱ्याबरोबर नाचली, पण तिची मान सारखी स्वयंपाकाच्या बाजूला वळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, हळदीला एक गाणं माझ्याबरोबर. एकच. तेव्हा तरी आचाऱ्याकडे जाऊ नका हां."

लेक हसत म्हणाली असती तर शंभूने हसून टाळलं असतं. ती हसली नाही. शंभू "बरं" म्हणाला, आणि चहात बुडवलेला पोई पाव अर्धा कपातच राहिला.

विशालची बहीण मनीषा डान्सचे क्लास घेते. तिचा लगेच फोन आला, "काका, रोज संध्याकाळी डिचोलीला या, आठवड्यात तयार करते तुम्हाला." पण व्याह्यांच्या घरी, व्याह्यांच्या देखत पाय उचलायचा? शंभूने कारखान्याची ड्युटी पुढे केली. तो तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आणि बघा योग, त्याच आठवड्यात एका मालाचे खोके छापायला आले. त्यावर चित्र होतं: टीव्हीपुढे एक चटई, चटईवर चार बाण, आणि बाणांवर एक मुलगी हवेत उडालेली. टीव्हीत बाण दिसला की तसल्याच बाणावर पाय मारायचा, मग मशीन सांगतं बरोबर की चूक. खोक्यांचा ढीग रचता रचता शंभूच्या डोक्यात उजेड पडला. शिकवायला माणूस नको, बघायला माणूस नको, हसायला माणूस नको!

शुक्रवारी तो म्हापशाला गेला. बाजारातल्या आंब्यांकडे आणि मिरच्यांच्या माळांकडे न बघता थेट स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरला.

"नाचायची चटई आहे?"

"डान्स पॅड? आहे की," दुकानदार म्हणाला. "मुलासाठी की मुलीसाठी? वय काय?"

"बावन्न."

दुकानदाराने शंभूकडे खालून वर बघितलं आणि मुकाट्याने दणकट चटई काढली. मग तिच्याबरोबर टीव्हीला जोडायची काळी पेटी काढली, त्यात गाणी भरलेली. मग पेटीचं अडॅप्टर, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कानात घालायची बिनवायरची बोंडं, आणि शेवटी तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे.

"हे घ्याच. नाहीतर पाय घसरतो."

"पाय घसरायचं वय गेलं माझं," शंभू म्हणाला, आणि मोजे घेतले.

परतीच्या बसमध्ये नेमकी शेजारची पद्मावती भेटली. (या बाईला दुसऱ्याच्या पिशवीत बघायची खोड आहे असं लोक म्हणतात. पिशवी उघडी असली तर नजर जाणारच. त्यात काय एवढं!)

"शंभू, ही कसली वळकटी?"

"योगाची चटई," शंभूने ठोकून दिलं.

"म्हणजे कंबर धरली रे तुजी?"

"थोडी."

बस कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत अख्ख्या बसने शंभूच्या कंबरेवर औषधं सुचवली. घरी पोचेपर्यंत त्याला खरंच थोडं दुखायला लागलं.

आता शंभूच्या घरातली एक अडचण सांगायला हवी. बसायच्या खोलीत एका भिंतीवर टीव्ही आणि बरोबर समोरच्या भिंतीवर देव्हारा. शंभूने चटई अंथरली, पेटी जोडली आणि टीव्हीकडे तोंड करून पहिला पाय उचलला. तेवढ्यात मागून त्याच्या आईचा, रुक्मिणीआजीचा आवाज आला.

"शंभू! देवाक पाठ दाखवून नाचतलस?"

"आये, टीव्ही इकडे आहे."

"आणि देव तिकडे असा. टीव्ही काल इलो, देव तुज्या आज्यापासून असा."

"बरं, देव्हाऱ्याचं दार लावतो."

"देवाक कोंडून नाचतलस?"

टीव्ही भिंतीत पक्का ठोकलेला, देव तर त्याहून पक्के. शंभू डोकं खाजवत उभा राहिला, आणि त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं. देव्हाऱ्याला लागूनच शेवंतीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरचं कपाट होतं, दाराला माणसाएवढा आरसा. त्या आरशात अख्खा टीव्ही दिसत होता!

झालं. शंभूने चटई होती तशीच ठेवली, आपण मात्र देवाकडे तोंड केलं आणि आरशात टीव्ही बघत नाचायला लागला. बाण आरशातून येत होते. इंग्रजी अक्षरं उलटी दिसत होती, पण सुलटी तरी त्याला कुठे धड कळत होती! वरचा बाण आला की मागे पाय टाकावा लागे, टीव्हीतला डावा बाण आला की उजवा. सुरुवातीला गोंधळ उडाला. मग त्याने विचार करायचं सोडलं. (ही कला त्याला कारखान्यात साधलेली होती.) जिकडे पाय टाकल्यावर हिरवं उजळतं, तिकडे पाय टाकायचा. आठवडाभरात हिरवं उजळायला लागलं. शंभूला मजा यायला लागली. गाणं संपलं की तो आरशापुढे केसांवर कंगवा फिरवी आणि म्हणे, "बावन्न कोण म्हणेल?"

"मागसून बघलंस तर म्हणतले," रुक्मिणीआजी जप करता करता पुटपुटे. पण तिच्याकडे लक्ष कोण देतंय!

बापलेकीचं ठरलं होतं की पेटीतलंच एक गाणं हळदीला लावायचं. आजी संध्याकाळी सातेरीच्या देवळात गेली की अंकिता त्याच चटईवर, त्याच बाणांवर आपली प्रॅक्टिस करी, अर्थात टीव्हीकडे तोंड करून. (देवाची तिने आधी माफी मागितलेली.) शंभू मात्र ती असताना चटईवर पाय ठेवीना. "एकदम हळदीलाच बघ." पेटीत त्याचे मार्क दिसत आणि ते बघून तिचा चेहरा खुलत असे. तिला आणखी काय हवं होतं!

अशातच पद्मावतीच्या गाईची पाडी हरवली. कालपासून घरी आली नव्हती. विचारायला म्हणून ती शंभूच्या घराकडे वळली आणि जनेलाच्या गजांतून आत बघते तर काय! खोलीत चिडीचूप. शंभू देव्हाऱ्यासमोर उभा, डोळे एका जागी खिळलेले, अंगाला घाम, आणि पाय धाडधाड आपटतोय. बाजूला रुक्मिणीआजी जपमाळ ओढतेय. (टीव्ही जनेलाच्याच भिंतीवर आणि गाणं शंभूच्या कानातल्या बोंडांत, ते पद्मावतीला कसं दिसणार?)

पद्मावतीने हात जोडले. तिच्या लेखी हा सरळसरळ अवसर होता. शंभूच्या अंगात देव आला होता! ती धावत घरी गेली, नारळ घेऊन आली आणि शंभूच्या मागे गुडघे टेकून बसली.

"देवा, माजी पाडी खंय गेली? वाट दाखय रे!"

शंभूला आरशात तिचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. तो आपला तोंडाने बाण पाठ करत होता, "उजवीकडे... उजवीकडे... मागे... मागे..."

"पावलंस रे देवा!" म्हणून पद्मावती नारळ तिथेच ठेवून पळाली. आपल्या दारातून उजवीकडे गेली, पाणंदीला परत उजवीकडे वळली, आणि काजूच्या बागेमागे बोंडू खात उभी असलेली पाडी सापडली.

दुसऱ्या दिवशी शंभू कामावरून आला तर अंगणात नारळ घेतलेली माणसं बसलेली. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाची विहीर, कुणाचं न जमणारं लग्न. शंभू दारातच घामाघूम झाला.

"ह्यांना काय सांगू गं?" त्याने शेवंतीला विचारलं.

"नाचताय हे सांगा."

"त्यापेक्षा देव आलाय हे बरं आहे!"

शेवटी रुक्मिणीआजीनेच बाहेर येऊन निकाल लावला. "देव आता चेडवाच्या लग्नाच्या गडबडीत असा. लग्न झाल्यार येवा." माणसं गेली. नारळ राहिले. पुढचे कितीतरी दिवस शेवंतीच्या आमटीत खोबरं सढळ होतं.

हळदीचा दिवस उजाडला. शंभूच्या अंगणात मांडव, समोर कदेलांवर, म्हणजे खुर्च्यांवर, व्याही मंडळी, पहिल्या ओळीत गोपाळराव. हळद लावून झाली. मनीषाने बापलेकीला मांडवाच्या मध्ये आणून पाहुण्यांकडे तोंड करून शेजारी शेजारी उभं केलं. शंभूने चटईवरचेच ठिपकेवाले मोजे घातले होते. अंकिता त्याच्याकडे बघून हसली. गाणं सुरू झालं.

अंकिता पुढे गेली. शंभू मागे गेला.

अंकिता वळली डावीकडे, शंभू उजवीकडे. तो तिच्या उजव्या हाताला असता तर एक वेळ निभावलं असतं, पण होता डाव्या हाताला. खांद्याला खांदा आपटला. मग ती मागे आली, हा पुढे गेला, तो थेट हळदीच्या परातीपर्यंत. मांडवात खसखस पिकली.

"व्याही, रिव्हर्स पडलाय की वो!" गोपाळराव ओरडले. माणूस मनाचा वाईट नाही, पण आवाजाला काय करणार! हसू मांडवाबाहेर गेलं.

शंभूने पाय थांबवले. सगळं बरोबर शिकलो होतो, मार्क मिळाले होते, मग चुकतंय कुठे? मांडवाच्या मागे आचारी दिसत होता, कढईला झाकण घालत होता, आणि शंभूचं एक पाऊल आपोआप तिकडे वळलं. अंकितानेही नाचणं थांबवलं. ती त्या पावलाकडे बघत होती.

तेवढ्यात पहिल्या ओळीतल्या कदेलावरून रुक्मिणीआजीने काठी आपटली.

"शंभू! पळतस खंय? रोज देवासमोर तोंड करून नाचतस मां? मग आता देव समोर घे!"

"देव कुठे घेऊ आये, मांडवात?"

"ह्या काय उभा असा तुज्यासमोर?" आजीने काठी अंकिताकडे केली. "तोंड कर तिच्याकडे, आणि नाच!"

शंभू तिच्यापुढे येऊन वळला. पाहुण्यांकडे पाठ आणि लेकीकडे तोंड. मनीषाने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. अंकिता एक पाऊल पुढे आली, शंभू एक पाऊल मागे गेला. ती डावीकडे, तो उजवीकडे, आणि दोघं एकाच बाजूला! ती मागे सरकली तसा तो पुढे. एक पाय इकडचा तिकडे नाही. इतके दिवस आरशात जे उलटं उलटं करत होता, ते समोरासमोर उभं राहिल्यावर एकदम सुलटं झालं. जणू दोघं महिनाभर एकत्र शिकली होती.

गोपाळरावांचं हसू थांबलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मग ते स्वतःच उठले. पद्मावती उठली, शेवंती उठली, आणि वाड्यावरच्या बायकांनी फुगडीचा फेर धरला. गाणं संपलं तरी कुणी थांबेना. अंकिताने हळदीच्याच हातांनी बापाचे दोन्ही गाल धरले.

"बाबा, तुम्ही आचाऱ्याकडे नाही गेलात."

"मीठ बघायचं राहिलं गो," शंभू म्हणाला. आवाज जरा फाटला होता, पण ते धाप लागल्यामुळे. (असं तो म्हणतो.)

विशालच्या भावाने तो नाच मोबाईलवर घेतला आणि सकाळपर्यंत पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक फोनवर पोचवला. शंभूने चहा बाजूला ठेवून व्हिडिओ लावला. सगळं घर भोवती जमलं. अंकिता छान दिसत होती, हसरी, पिवळीधमक, तोंड कॅमेऱ्याकडे. आणि तिच्यासमोर पाठमोरा एक मनुष्य नाचत होता. पाय झक्क पडत होते, पण डोक्याच्या मागे, मांडवाच्या ट्यूबलाइटखाली, ताटलीएवढं टक्कल चकाकत होतं.

"हा कोण गं टकला मध्येच?" शंभूने विचारलं.

शेवंतीने पदर तोंडाला लावला. अंकिता छताकडे बघायला लागली. शंभूचा हात हळूहळू स्वतःच्या डोक्यामागे गेला आणि तिथेच राहिला.

"मागसून बघलंस तर, म्हटलंय ना मी," रुक्मिणीआजी म्हणाली आणि जपाला लागली.

पुढच्या शुक्रवारी शंभू म्हापशाच्या त्या दुकानात परत हजर. दुकानदाराने ओळखलं. "काय काका, पॅड बिघडला?"

"नाही, फर्स्ट क्लास आहे. डान्सचं एक सामान घ्यायचं राहिलं."

"कुठलं?"

शंभूने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "टोपी ठेवता?"