साळवेकाकांचा बारीक व्हॉल्व्ह

साळवेकाकांना चहाबरोबर टोस्ट देऊ नये, हे इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस टोस्ट खात नाही, टोस्टवर व्याख्यान देतो. आधी त्याला अलगद तडा पाडायचा, कोपरा चहात धरायचा आणि म्हणायचं, "बघ, भेगेत चहा लगेच चढला. पण पोटात?" तोवर आपला चहा गार.

काका जन्मभर समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर होते. तिथलं तेल चुनखडीच्या खडकात. "खरा माल दगडाच्या पोटात असतो गं, भेगा म्हणजे नुसते रस्ते. हावरटासारखं ओढलं की खालचं पाणी भेगांतून वर येतं आणि तेल आतच राहतं. व्हॉल्व्ह बारीक ठेवायचा." हे "व्हॉल्व्ह बारीक" ते भाजीवाल्यालाही ऐकवतात. लिफ्टचं बटण दोनदा दाबलं म्हणून मीही ऐकलंय.

आई गेली आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बोलणंच सोडलं. मी मेली उतावळी. जेवलात का, दुखतंय का, टीव्ही लावू का, दिवसभर प्रश्नांची सरबत्ती. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा मी त्यांच्यावर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. काका तेव्हा दारातच उभे होते. म्हणाले, "विहीर दमली की आम्ही ती बंद ठेवतो. आतला दाब हळूहळू भरतो. तू विचारणं थांबव. मी येत जाईन."

तेव्हापासून रोज चारला काका यायचे, अण्णांशेजारी दहा मिनिटं बसायचे आणि जायचे. ज्यांचं तोंड एरवी क्षणभर मिटत नाही, ते चक्क गप्प. मला वाटलं, कसलं डोंबलाचं औषध. तीन महिने असेच गेले.

एका मंगळवारी काका आलेच नाहीत. सव्वाचारला अण्णा उठून बसले. म्हणाले, "साळवे का नाही आले? बघून ये."

मी धावतच खाली गेले. काका तापाने फणफणलेले, घरात एकटेच. मी निरोप सांगितला.

"नेमकं काय म्हणाले?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "पंधरा दिवस समुद्रावर, पंधरा दिवस घरी. तीस वर्षं. मी दिसलो नाही की ड्युटीवर असेन, असं सगळे धरून चालायचे. का नाही आले, असं कुणी कधी विचारलंच नाही गं."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मागे चपलांचा आवाज आला. अण्णा आले होते, आई गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर. ते काकांच्या उशाशी बसले, कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "बराच ताप आहे. थर्मामीटर आण."