चेंडूचा वरचा अर्धा भाग

लिमा शहरातल्या आमच्या नगरपालिकेने भरवलेल्या संगणक-फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या पेनल्टीला चेंडूचा वरचा अर्धा भाग गोलात गेला आणि खालचा अर्धा बाहेर राहिला. गोलकीपरचं धड डावीकडे झेपावलं, पाय उजवीकडे. सामना माझ्या गेमच्या दुकानात होता. म्हणून मी, नेमेसियो, मालक आणि साक्षीदार, हे शपथेवर सांगतो.

पेनल्टी मारली होती सोराइदाबाईंनी. वय बावन्न, सातू-जवसाच्या गरम काढ्याची हातगाडी. अकरा वर्षं नगरपालिकेचे शिपाई ती गाडी इकडून तिकडे हाकलतायत. आणि पहिलं बक्षीस होतं मंडईतला पक्का गाळा! समोर होता फाउस्तिनो, नगरपालिकेसमोरचा झेरॉक्सवाला. स्वतःचं दुकान असताना त्याला गाळा कशाला हवा होता, देव जाणे. पण फुकट ते पौष्टिक.

"गोल!" बाई ओरडल्या.

"अर्धा," फाउस्तिनो म्हणाला. "खालचा बाहेर आहे, काकी. नीट बघा."

"मेल्या, चेंडू म्हणजे काय पपई आहे, कापून मोजायला?"

पंचांनी निर्णय दिला : आधी चित्र दुरुस्त करा, मग पेनल्टी पुन्हा.

हा रोग मला तोंडपाठ. संगणक चित्रं भराभर काढतो, पडदा आपल्या चालीने दाखवतो. ताळमेळ चुकला की वर नवं चित्र, खाली जुनं. सेटिंगमध्ये 'उभी जुळणी' नावाची एक चौकट असते, तिच्यात खूण केली की संगणक पडद्यासाठी थांबायला शिकतो. दोन सेकंदांचं काम. मध्येच खेळाला झटके बसत होते ते नगरपालिकेच्याच प्रोग्रॅममुळे. लबाडी होऊ नये म्हणून तो दर सेकंदाला पडद्याचा फोटो काढायचा. तोही तिथूनच बंद होतो.

पण सेटिंग उघडणाऱ्या कळीवर नगरपालिकेचं कागदी सील चिकटवलेलं होतं : 'परवानगीशिवाय हात लावू नये.' मग मी रीतसर अर्ज केला. 'चित्राला मधोमध तडा जातो, झटके बसतात. उपाय : उभी जुळणी. परवानगी मिळावी.'

"चार प्रती," नगरपालिकेच्या खिडकीतल्या कारकूनबाई म्हणाल्या. "ओळखपत्राच्याही चार."

"झेरॉक्स कुठे मिळेल?"

"ते काय, समोर."

फाउस्तिनोने हसतहसत काढून दिल्या.

तडा आणि झटके हे दोन शब्द वाचून अर्ज थेट भूकंप विभागात गेला. लिमात भूकंप नेहमीचेच, या शब्दांची थट्टा कोणी करत नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यावर हेल्मेट चढवून एक इंजिनियर हजर.

"तडा कुठाय?"

"पडद्यावर, साहेब."

"झटके कधी बसतात?"

"पेनल्टीच्या वेळी."

"दर पेनल्टीला?" साहेब गंभीर झाले. "म्हणजे वेळ आधीच कळते! हे तर शास्त्रालाही जमलेलं नाही."

त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, दाराशी भूकंपातल्या 'सुरक्षित जागे'चा हिरवा फलक लावला आणि दुकान असुरक्षित ठरवून बंद केलं. अर्जातला 'उभी' हा शब्द उरला होता, तो बांधकाम विभागाकडे गेला. तिथून आठवड्यात मला दुसऱ्या मजल्याची मंजुरी आली. नऊ वर्षं गच्चीवर सळया उभ्या करून मी तीच मागत होतो, तेव्हा मिळाली नाही. आता बंद दुकानावर मजला चढवायला कोणाचीच हरकत नव्हती.

सोराइदाबाई मात्र रोज येऊन विचारायच्या. "भाऊ, माझ्या गाळ्याचं काय हो? आज पुन्हा गाडी धरली. दोन बरण्या फुटल्या." मी म्हणायचो, "फाईल हलतेय, बाई."

पंधराव्या दिवशी निकाल आला. 'दुरुस्तीची फाईल प्रलंबित असल्याने पेनल्टी पुन्हा घेता येत नाही. उपलब्ध चित्रच ग्राह्य धरण्यात येते. चेंडूचा वरचा अर्धा भाग गोलात होता, सबब गाळ्याचा वरचा अर्धा भाग सोराइदाबाईंना आणि खालचा फाउस्तिनो यांना देण्यात येत आहे.'

आता मंडईतल्या त्या गाळ्याचं छप्पर बाईंचं आणि जमीन फाउस्तिनोची. जमिनीवर त्याचं दुसरं झेरॉक्स मशीन चालतं. बाई गाडी लावायला गेल्या तेव्हा शिपाई अदबीने म्हणाला, "छपराखाली खुशाल थांबा काकी, हक्कच आहे तुमचा. फक्त पाय टेकवू नका."

एक गोष्ट शपथेवर सांगायची राहिली. आमची हवा दमट. इंजिनियरसाहेब भिंत ठोकत होते त्या दुपारी ते सील आपसूक सुटलं आणि कळफलकावर पडलं. कळ मोकळी. खोलीत आम्ही तिघंच : मी, साहेब आणि काढ्याचा पेला घेऊन आलेल्या सोराइदाबाई. एक बोट लावलं असतं, काम झालं असतं.

"अगबाई," बाई घाबरून कुजबुजल्या, "पडलं की हो!"

साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी थुंकी लावून सील जागच्या जागी चिकटवलं. नीट बसावं म्हणून बाईंनी ते स्वतः अंगठ्याने दाबून धरलं.

हसू नका. तुम्ही असतात तर थुंकी लावली नसतीत, हे मला मान्य आहे. तुम्ही डिंक आणायला धावला असतात.